बारा किलोव्होल्टपाशी

स्टॅफर्डला डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
लॅबमागे सो नदी, तिच्यात कुणीतरी ढकललेली बाजाराची ट्रॉली,
आणि माझ्या स्क्रीनवर अकराव्यांदा तांबडी ओळ:
उत्तर जुळलं नाही.

केबलच्या टोकाला गुंडाळायची काळी पट्टी,
सिलिकॉन कार्बाइडची भुकटी रबरात मळलेली.
क्षेत्र कमी, तोवर मुकी.
वाढलं की वाहू लागते,
किती वाहायचं ते क्षेत्र ठरवतं,
आणि क्षेत्र कुठे किती, ते तिच्या वाहण्यावर.
इथंच घोडं पेंड खातं.

वाहकतेच्या रकान्यात मी आकडा नाही, सूत्र लिहिलं होतं.
घातांक तपासला. एककं तपासली.
जाळी इतकी बारीक केली
की टोकाशी त्रिकोणांचा रवा झाला.
पाच वाजता सॉल्व्हरने प्रवाह दाखवला
दहाचा चाळिसावा घात अँपिअर,
चार बोटं रुंद पट्टीतून.
मी एकटीच हसले. डब्यातली गार पोळी खाल्ली.

मग जुनी फाइल काढली. मोजणी: इद्रिस प्रॉसर, १९८७.
पेन्सिलीतले आकडे, साताच्या पोटात आडवी रेघ.
समासात दर चार-पाच ओळींनी
"थांबलो. दोन मिनिटं."
एके ठिकाणी नुसतं "चहा."
बारा किलोव्होल्टपाशी
"घाई केली. नमुना जळाला. पुन्हा शून्यापासून."

आणि मी काय करत होते?
शून्यावर उभ्या पट्टीपुढे
एका दमात तीस किलोव्होल्ट ठेवून
सांग, म्हणत होते, आत्ताच्या आत्ता सांग.

अर्ध्या अर्ध्या किलोव्होल्टने चढवलं.
मागच्या पायरीचं उत्तर
पुढच्या पायरीचा अंदाज.
बाराला अडखळलं तेव्हा पायरी निम्मी केली,
तरी अडलं, आणखी निम्मी.
तेवढ्यात सफाईवाल्या ग्लेनिसने विचारलं,
दिवा ठेवू का घालवू?
ठेव, म्हटलं.

रेषा त्याच्या पेन्सिलीच्या ठिपक्यांवरून गेली.
सगळ्या नाही. जळलेल्या नमुन्याचा एक ठिपका
बाजूला एकटाच राहिला.
तो मी आलेखातून काढला नाही.

प्रॉसर आता कुठे असतो?
ग्लेनिसला नाव आठवलं, चेहरा नाही.

बाहेर गाडीची काच गोठून पांढरी.
गरम पाणी ओतू नये, तडकते.
हीटर एकवर लावला
आणि आत बसून राहिले.