चार अक्षरं, सात आकडे

रविवारी रात्री नऊला मालिका लागते.
त्यात एक साधं कुटुंब:
बाप गणिताचा मास्तर, आई दाताच्या दवाखान्यात,
आणि तिसऱ्याच भागात त्यांच्या गॅरेजमध्ये प्रेत.
आम्ही चौघं सोफ्यावर, मांडीवर तळलेल्या बटाट्यांच्या ताटल्या.
रूलांट म्हणतो, "असं कुठे असतं का?
माणूस आधी पोलिसांकडे नाही का जाणार?"
फेमके म्हणते, "बाबा, ऐकू दे."
मी मेयोनीजची वाटी त्याच्याकडे सरकवते.

रूलांट अँटवर्पच्या बंदरात क्रेन चालवतो.
उंचावर काचेच्या पिंजऱ्यात बसून
पाळीला दीडदोनशे पेट्या इकडच्या तिकडे.
एकवीस वर्षांत एकीलाही पोचा नाही.
मार्चमध्ये यीपच्या फुटबॉलच्या सामन्याला
एक गृहस्थ त्याच्यासाठी कॉफी घेऊन आला.
चिखलातही बूट स्वच्छ.
यीपच्या डाव्या पायाचं मनापासून कौतुक केलं.
मागितलं काय, तर एक पेटी
मधल्या रांगेतून कुंपणाजवळच्या रांगेत.
चार अक्षरं, सात आकडे.
उघडायची नाही, आत काय ते विचारायचं नाही.
"केळी," तो म्हणाला,
आणि दोघंही हसले म्हणे.

नाही म्हणता आलं असतं.
हे वाक्य मी शाळेच्या स्वयंपाकघरात
गाजरं सोलताना रोज म्हणून बघते.
तीनशे मुलांचं सूप होईपर्यंत
ते बऱ्यापैकी खरं वाटायला लागतं.

पण खरं सांगायचं तर पैसे मीच मोजले.
न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून,
दोनदा.
सासऱ्यांच्या कबुतरखान्यात, दाण्याच्या डब्याखाली ठेवले.
सासरे गेले, कबुतरं राहिली;
शर्यतीत कधी न जिंकलेली, पण घरी परतणारी.
त्या रात्री ती घुमत राहिली आणि मला वाटलं,
आता हीसुद्धा मोजताहेत.

छत दुरुस्त झालं. फेमकेच्या दातांना तारा बसल्या.
कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही,
अळीमिळी गुपचिळी.
आणि मे महिन्यात, भांडी विसळता विसळता,
"पुढची कधी?"
हे त्याने नाही,
मी विचारलं.

रूलांटने फडकं खाली ठेवलं.
माझ्याकडे असं बघितलं,
जसं वरून, काचेतून, खूप वारा असताना
खाली उभ्या माणसाकडे बघतात.

वान्नेस नाही म्हणाला होता.
त्याच्याच पाळीतला, लाल दाढीचा, फटकळ.
जूनमध्ये पहाटे तीनला त्याच्या दारात स्फोट झाला.
माणसं वाचली. दार गेलं, मांजर गेलं.
मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेले.
त्याची बायको माझा हात धरून म्हणाली,
"तुमच्याकडे नाही ना आलं कुणी?"
मी म्हटलं, "मीठ कमी पडलंय का बघ."

मालिकेत अशा वेळी संगीत वाजतं.
आमच्याकडे फ्रिजचा आवाज येतो
आणि शेल्ड नदीवरून जाणाऱ्या जहाजाचा भोंगा,
जो लहानपणापासून ऐकत आलेय,
पण आता प्रत्येक वेळी ओला हात ॲप्रनला पुसते.

कालची गोष्ट.
मालिकेत पोलीस गॅरेजपर्यंत पोचले होते.
रूलांट म्हणाला, "सुटले एकदाचे,"
आणि कुणाबद्दल ते बोलला नाही.
यीपला झोपायला पाठवलं.
न्हाणीघरात तो दात घासत होता, तोंडभर फेस,
आणि ब्रशच्या तालावर काहीतरी गुणगुणत होता.
मला वाटलं पाढे.
दारापाशी थांबले.
चार अक्षरं. मग आकडे.
भिंती पातळ आहेत आमच्या,
आणि रूलांट फोनवर नेहमी दोनदा वाचून दाखवतो.
पाच, शून्य, नऊ,
नऊ, तीन, आठ,
इथे यीप अडला.
पुन्हा सुरुवातीपासून म्हणाला, पुन्हा तिथेच अडला.

सातवा आकडा
माझ्या तोंडून निघून गेला.

आरशात त्याने मान वर केली.
"हां," तो म्हणाला, "एक,"
आणि चूळ भरली.