सतरा टाय

दिवाडीच्या फेरीतून मांडीवर कुंडी घेऊन आणली,
ती दोन वर्षं नुसती चढत राहिली.
चिऱ्याच्या कुंपणावरून थेट कौलांकडे,
काटे मुबलक, कळी नाही.
शेणखत घातलं, मासळीचं धुवण घातलं,
शिव्याही घातल्या.

मग शेजारची एर्मेलिंद आली,
कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"उभी कशाला ठेवलीस गो? आडवी घाल हिला."
घरी जाऊन सांतानचे टाय घेऊन आली,
बोटीवरचे, सतरा.
एक निळा, नांगर छापलेला.
"आता कोण घालतो?"

दोघींनी फांदी फांदी वाकवली,
मोडणार नाही इतपत.
खिळे मी ठोकले. गाठी तिनेच मारल्या,
हनुवटी किंचित वर करून,
समोर गळा असल्यासारख्या.

नाताळ सरला आणि पेऱ्यापेऱ्याला कळ्या.
पहिलं फूल उघडलं नांगराशेजारी,
पिकल्या माणकुरादच्या सालीचं पिवळं,
वास मात्र चहाच्या नव्या डब्याचा,
पार रस्त्यापर्यंत.

एर्मेलिंदने नाक जवळ नेलं.
फुलाच्या नाही,
टायच्या.

मी कात्री आणायला म्हणून आत गेले
आणि बराच वेळ ती सापडू दिली नाही.