धर

पॅटरडेलच्या दुकानातली बाई म्हणाली, आज वर जाताय?
आणि सुट्टे पैसे मोजता मोजता पुन्हा,
आज?
ब्रेंडानं पुदिन्याच्या साखरवडीची दोन पाकिटं घेतली
आणि काचेवर लावलेल्या हवामानाच्या कागदाकडे
पाठ करून उभी राहिली.
ताशी पंचेचाळीस मैल, रात्री त्याहून जास्त.
तिनं तो आधीच वाचला होता.
एकतीस वर्षं टपाल वाटलंय तिनं या खोऱ्यात,
वाऱ्याचे सगळे पत्ते तिला माहीत आहेत.

मी आले, कारण डोरीनचा गुडघा गेला
आणि मला नाही म्हणता येत नाही.

खिंडीत वाऱ्यानं पहिल्यांदा हात लावला,
बाजारात ओळखीच्यानं खांद्यावर ठेवावा तसा.
मग दुसरा हात.
मग सरळ धक्का.
मी कलून चालत होते, नसलेल्या दाराला टेकल्यासारखी,
आणि तो मधेच थांबला की
कुणीतरी आतून कडी काढल्यासारखी
पुढे कोसळत होते.
ब्रेंडा पुढून काहीतरी ओरडली.
शब्द माझ्याकडे निघाले
आणि उजवीकडे दरीत उतरले, मेंढ्यांकडे.
मेंढ्या दगडी गडग्याच्या आडोशाला बोचकी होऊन बसलेल्या.
त्यातल्या एकीनं माझ्याकडे पाहिलं,
रजेचा अर्ज वाचणाऱ्या साहेबासारखं.

आई म्हणायची, काही माणसांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.
कुठल्या माणसांच्या, ते कधी सांगितलं नाही तिनं.

डोंगरातल्या तळ्यापाशी पोचलो तेव्हा
पाणी जागेवर नव्हतं.
त्याचे पांढरे पदर उठून
काठावरच्या गवतातून चालत निघाले होते.
तंबू उभा करायला तास गेला.
प्रत्येक खुंटीवर दगड, दगडावर दुसरा दगड,
ब्रेंडा कापडावर पालथी पडलेली,
मी दोऱ्या ताणत, नाक पुसत, शिव्या देत.
चूल पेटली नाही.
थंड शेंगा डब्यातून खाल्ल्या, एका चमच्यानं.

रात्री दोनला तंबूची काठी मोडली.
मी इस्पितळात हाडांचे फोटो काढते.
मोडलेलं रोज बघते,
मोडतानाचा आवाज मात्र कधी ऐकला नव्हता.
ओलं कापड तोंडावर आलं, श्वासाबरोबर आत ओढलं गेलं,
आणि मी ओरडले,
धर!

बावीस वर्षं या देशात
बँकेत, बॉससमोर, पोलिसांसमोर
मी रीतसर इंग्रजीतच घाबरत आले आहे.
हा शब्द कुठून आला कोण जाणे.
पण अंधारात ब्रेंडाचा हात गेला
नेमका मोडलेल्या टोकावर,
आणि तिनं धरलं.

मग उजाडेपर्यंत आम्ही पाठीला पाठ लावून बसलो,
दोन्ही बाजूंचं कापड खांद्यांनी तोलत.
वारा यायचा तेव्हा तिच्या मणक्यातून मला कळायचं
कुठल्या अंगानं येतोय.
बोललो नाही.
एकदा तिनं साखरवडीचा तुकडा मागे सरकवला,
मी तो हातमोज्यासकट चोखला.

पुढचा डोंगर राहिला.
खाली उतरताना गडग्याच्या आड थांबून ती खुंट्या मोजत होती,
चौदातल्या अकरा.
मोजता मोजता म्हणाली, काय ओरडलीस गं तेव्हा?
धर, मी म्हटलं.
डर, ती म्हणाली.
धर.
डर.
तिच्या तोंडात ध बसेना.
मी म्हटलं, अगं, तो वेगळा शब्द, त्याचा अर्थ भीती.
ब्रेंडानं खुंट्या पिशवीत टाकल्या.
म्हणाली, मग तोही ओरडली असशील.

परवा ती शिडीवर चढून
पन्हळीतला पाला काढत होती.
मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते,
जरा वारं होतं.
वरून हाक आली,
सुल! डर!
मी ओली चादर तशीच टाकून
कुंपण ओलांडलं
आणि शिडी धरली.