त्रेचाळीसला आठ

कामठी रोडच्या भंगारात
डोमाजी ग्रीस पुसून दात मोजतो :
क्राउनला त्रेचाळीस, पिनियनला आठ.
"चढंन कुठीबी. पण वर्धा रोडवर
ट्रकवाले हॉर्न देत जातीन तुले."
शेजारची जोडी एकेचाळीस-अकरा.
धावणारी. काळ्या चिखलात क्लच जाळणारी.

खिशात कूलरचे पैसे. एप्रिल.
पुढचे-मागचे दात जुळले नाहीत
तर गाडी आपल्याच शाफ्टशी भांडून मोडते,
म्हणून दोन्ही ॲक्सल
एकाच मेलेल्या जीपचे घेतले, आठ दातांचे.
डोमाजीनं दोनशे सोडले, सील मात्र दिले नाहीत.

घरी कुंदा जुन्याच कूलरच्या ताट्यांत खस भरत होती.
"किती पळंन?"
"साठ. उतार असला तर."
तिनं खसवर पाणी मारलं,
उरलेलं माझ्या काळ्या हातांवर.