शेरा

राजारामपुरी, सहावी गल्ली, वरचा मजला.
दूध संस्थेचे जुने सभासद तीनशे बारा,
त्यातले एकशे ऐंशी एक जूनला जन्मलेले.
शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलं,
ते तसंच राहिलं.

मी तारखांचे सेकंद करते.
सत्तर सालाच्या आधीचं सगळं
यंत्र उणे धरतं.
रंगराव चौगले, एक जून छप्पन्न :
उणे बेचाळीस कोटी सत्त्याऐंशी लाख
छत्तीस हजार सहाशे.

आकड्यांची परत तारीख करून छापली
तर यादीभर एकतीस मे.
आपले साडेपाच तास धरायचे राहिले होते,
एका ओळीच्या चुकीनं
अख्खी पिढी आदल्या दिवशी जन्मली.

रंगराव यादी तपासायला आले,
टोपी काढून पंख्याखाली बसले.
"एकतीस मे? असू दे.
ती खोटी, तशी ही बी खोटीच."
मग आकड्यावर बोट ठेवून,
"ही आडवी रेघ कसली?"
उणे, म्हटलं.
"म्हंजे आमच्यात काय उणं हाय?"

सांगितलं, की यंत्राचं शून्य
तिकडं मध्यरात्री पडलं,
आपल्याकडं तेव्हा पहाटेचे साडेपाच.
एक जानेवारी, गुरुवार.
"मार्गशीर्षातला?"
शोधलं. हो, शेवटचा.

"मग आई घट मांडत असणार.
मी गंगावेशीत, म्हशीच्या कासंला.
पेल्यात धार, वर बोटभर फेस,
तालमीतली पोरं माती न झाडता रांगंत.
शून्य चाललंय,
कुणी बोललं न्हाई बघ तवा."

खरे कधी जन्मलात?
"माघातला दुसरा खेटा. रविवार.
चुलता जोतिबाला चालत गेलेला
आन् गोठ्यात म्हैस व्याली.
रेडकू आधी का मी आधी,
आई आन् आत्ती मरेस्तोवर भांडल्या.
बसंल का ते ह्यात?"

साडेपाच तास मिळवले.
एकशे ऐंशी जण मुकाट एक जूनवर परतले,
उणे तसंच राहिलं.
शेवटी एक रकाना वाढवला,
जुन्या वहीत असायचा तसा : शेरा.
खेटा दुसरा, रविवार, म्हैस व्याली.

रेडकू आधी लिहू की नंतर,
विचारायला मान वर केली
तर ते जिन्यात पोचलेले,
खाली कुणाला तरी सांगत होते,
"आमचं नाव कोटीत निघालंय, भावा.
बेचाळीस."