तीन टन

पुलाच्या तोंडाशी पाटी: वजनमर्यादा तीन टन.
शाळेची बस त्याहून जड,
म्हणून अर्लिसबाई रोज सकाळी दार उघडायच्या
आणि आम्ही अकरा जण खाली.
आधी आम्ही चालत पलीकडे,
मग मागून रिकामी बस,
झोपलेल्या घरात उशिरा शिरणाऱ्या माणसासारखी.

आयोवातला जानेवारी, पारा उणे वीस, तरी उतरायचं.
डोक्यावर पोलादाचे त्रिकोण,
त्रिकोणांत आभाळ कापून बसवलेलं,
आणि खांबावर ओतीव पाटी: १८९८,
कारखान्याचं नाव, त्यातलं एक अक्षर गंजाने खाल्लेलं.
त्या नावाला रॉजर क्नुटसनने पैजेवर जीभ लावली.
चिकटली.
अर्लिसबाईंच्या थर्मासातली अर्धी कॉफी गेली ती सोडवायला.
उरलेली त्यांनी त्यालाच पाजली.

फळ्या ओकच्या, सैल.
पलीकडच्या घरात हुल्डा टॉर्गर्सन कणीक मळताना
नुसत्या खडखडाटावरून सांगायची:
हा टपालवाला. हा दुधाचा ट्रक, आज कॅन कमी आहेत.
हा आमचा लव्हर्न, पिऊन आलाय, म्हणून इतका जपून.
एकदाच एक गाडी तिला ओळखू आली नाही.
लष्कराची होती. डेलचा निरोप घेऊन आलेली, व्हिएतनामहून.
दार वाजायच्या आधीच
तिने हात धुऊन घेतले होते.

यंदा वरच्या अंगाला काँक्रीटचा पूल झाला.
रुंद, सपाट, मुका.
मी काउंटीच्या नोकरीत; नोटीस मीच चिकटवली:
जुना पूल विकणे आहे, किंमत एक डॉलर,
घेणाऱ्याने नव्वद दिवसांत स्वखर्चाने उचलून न्यावा.
हुल्डा वॉकर ढकलत आली.
पर्समधून घडी घातलेला डॉलर काढला,
पुलाकडे बघितलं, मग अंगणाकडे,
आणि डॉलर परत ठेवला.

क्रेन यायच्या आदल्या रात्री
मी चार फळ्या काढल्या.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे.
तिच्या फाटकापाशी टाकल्या, खिळे न मारता.
खाली पाणी नाही, त्यामुळे आवाज बसका येतो.

परवा गेलो होतो.
फळ्यांवर मुद्दामच जड पावलं टाकली.
आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.
नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

मी फाटकातूनच ओरडत सुटलो:
"हुल्डा, मी आहे, मी!
बसमधला! काही नाही, सहज आलोय!"