दोन्ही झडपा उघड्या असताना

मायनॉटमध्ये फेब्रुवारीत कुणी मोटारसायकल आणत नाही.
ऑर्लिन हाउगस्टाडने आणली. ट्रेलरवर, ताडपत्रीखाली,
दिवस भरलेली गाय आणावी तितक्या सावकाश.
बाहेर उणे सत्तावीस. त्याची बायको मर्ना
हीटर लावून ट्रकमध्येच विणत बसली.

"कॅम बदल. आणि एक्झॉस्ट. मोठ्या आवाजाचा."
एक्काहत्तर वर्षांच्या माणसाला मी विचारलं,
कुणाशी शर्यत लावायचीय?
त्याला ऐकू गेलं नाही.
चाळीस वर्षं धान्य वाळवणाऱ्या पंख्याशेजारी उभा होता,
कान गव्हाने खाल्ले.
मी पुन्हा विचारलं, ओरडून.
"शर्यत कसली, मार्लिस! गिअर मी कानाने टाकायचो.
आता खाली काय चाललंय तेच कळत नाही."

कव्हर काढलं.
कॅम म्हणजे लोखंडाचा नुसता फुगवटा,
एका बाजूने पोट सुटलेला.
पण दार कधी उघडायचं, किती, किती वेळ,
सगळं त्या पोटावर कोरलेलं.
जुना कॅम कंपनीचा, भिडस्त,
पाहुण्याशी दाराच्या फटीतून बोलणारा.
नवा उंच उचलतो, उशिरा मिटतो,
आणि प्रत्येक फेऱ्यात एक क्षण येतो
जेव्हा दोन्ही झडपा एकदम उघड्या असतात:
जळलेलं अजून निघतंय, न जळलेलं आत येतंय,
आणि जाणाराच येणाऱ्याला ओढून घेतो.

हे दुकान मला विकल्यावरही व्हर्जिल
सहा महिने रोज यायचा, माझी कॉफी प्यायचा,
माझे पाने चुकीच्या खणात ठेवायचा.
मी चिडायचे.
जे काही येतं मला, ते त्या सहा महिन्यांतलं.

मग दिसला तो, चेन ताणून धरणारा नारिंगी तुकडा.
मधोमध चर. माझं नख आत गेलं.
तेलात त्याचाच चुरा.
अजून दोनशे मैल, फार तर तीनशे,
पंपाने तो गिळला असता, मग सपाट रस्ता,
आणि बंद पडण्याआधीची कुरकुर ऐकू न येणारा माणूस.
तब्येत दाखवायला इतक्या थंडीत कुणी येत नाही.
हौसेपायी येतात.
मी तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.
त्याने चरावरून अंगठा फिरवला आणि खिशात टाकला.

जुने पुशरॉड बोल्टकटरने कापले.
नवे बसवले, ताणले, आणि थांबले.
लिफ्टरमधलं तेल झिरपून जायला हवं.
पुशरॉड दोन बोटांत फिरेपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही,
घाई केली की झडप वाकते.
वीस मिनिटं आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर,
काही न बोलता. तो बोलण्यात तसाही कच्चा.

जेट मोठा घातला. दोन नळ्या एकीत मिळणारा एक्झॉस्ट.
सुरू केली तसं गळ्यापाशी स्टील
आधी मधाच्या रंगाचं झालं, मग जांभळं.
धब् धब्, गप्प. धब् धब्, गप्प.
पंचेचाळीस अंशांत कललेली दोन सिलिंडरं, दोघांत पिन एकच,
ठोका सम पडायचा नाही कधी.
ही खोड कॅमने जात नाही, उलट वाढते.

"येतंय का ऐकू?"
"नाही," ऑर्लिन म्हणाला. एक हात टाकीवर,
दुसरा कोटाच्या आत, छातीवर.
"पण इथं लागतंय."
मर्ना दारात उभी, लोकर काखेत.
"मला येतंय ना," ती म्हणाली.
"आता दोन मैलांवर असतानाच कळेल. कॉफी वेळेवर ठेवीन."

एप्रिलात बर्फ हटलं.
मी कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली उताणी पडले होते
तेव्हा हायवे दोनवरून तो गेला.
पहिला. दुसरा.
तिसरा जरा लवकर टाकला त्याने.
चौथ्याच्या आधी मालगाडी आली.